पाच गुणांचा प्रश्न

मोखोटलोंगच्या डोंगरात शाळेचा पत्रा सतत वाजतो,
म्हणून मी मोठ्यानं विचारते:
कथेत घोंगडी किती वेळा येते?

तीनदा, बोटं मोजत केनेइलवे म्हणते.
आधी नवऱ्याच्या खांद्यावर, तो खाणीकडे निघताना.
मग ट्रंकेत, घडी घातलेली.
शेवटी दाराखालच्या फटीत, कोंबलेली.

शाबास. मी फळ्यावर लिहिते: प्रतीक.
त्याच्यापुढे बाण, बाणापुढे: आशयसूत्र.
खडू संपत आलाय,
बाण जरा आखूडच निघतो.

आता बघा, बाईनं वाट बघणं सोडलं
असं लेखिका कुठ्ठेच म्हणत नाही.
मग आपल्याला कुणी सांगितलं?

पत्रा वाजतो.
मागच्या बाकावरचा मोलेलेकी,
हजेरीपुरताच तोंड उघडणारा,
खिडकीबाहेर बघत म्हणतो:
मॅडम, आमचीपण दारातच आहे.

कुणी हसत नाही.
मी तो बाण पुसायला हात उचलते
आणि नुसताच खाली घेते.
तास संपायला अजून अकरा मिनिटं.

चाचणीत त्यानं पाच गुणांच्या प्रश्नाला
दोनच शब्द लिहिलेत:
वारा येतो.
नमुना उत्तर आठ ओळींचं आहे.
त्यात विरह दोनदा, प्रतीक्षा तीनदा,
वारा एकदाही नाही.

लाल पेनाचं टोपण मघाशीच काढलंय.
बाकी सगळ्यांच्या बेरजा झाल्या.
पाय गार पडलेत,
उठून एकदा दार बघायला हवं.