एकशे अठरा

सोहार ते मस्कत, दोनशे किलोमीटरच्या वर.
परागला रिफायनरीच्या शटडाउनमधून सुट्टी मिळेना,
म्हणून गाडी माझी, चालवणारी मी,
मागे तू आणि ओजस,
आणि तुमच्या दोघांच्या मधे ती फाइल,
जिलाही तू पट्टा लावला होतास.

एकशेवीसच्या वर गेली की माझी गाडी टिंगटिंग करते.
इथल्या बहुतेक गाड्या करतात, आम्हाला ऐकूही येत नाही आता.
ओजसला येतं.
सहमच्या अलीकडे एकदाच वाजली
आणि त्याने कान असे दाबले
की आरशात मला त्याची पांढरी पडलेली बोटं दिसली.
तिथून पुढे काटा एकशे अठरावर.
मागून लँडक्रूझर दिवे मारत राहिल्या. मारू देत.

एवढंच जमण्यासारखं होतं.
जे जमलं नाही ते मला पाठ आहे:
रमजानच्या सुट्टीत मीच म्हटलं होतं ना,
"अगं, माझा भाचा चार वर्षांचा होईस्तोवर गप्प होता,
आता तोंड मिटत नाही."
तू कप खाली ठेवलास.
नंतर दोन महिने फिरकली नाहीस,
आणि मी समजत राहिले, उकाडा फार आहे.

तुझ्या सासूबाई देवरुखहून
स्क्रीनवरूनच मीठमोहऱ्या उतरवतात.
खालची शीबा म्हणते, घरात चार भाषा,
पोरानं कुठली धरायची?
कुणी दूध बंद करायला सांगतं, कुणी गहू.
ओजस कुणाचंच ऐकत नाही.
तो लिफ्टचं ऐकतो.
लिफ्टमधली बाई अरबीत मजला सांगते,
आणि ती बोलायच्या आधी, तिच्याच आवाजात, हा:
"अत्-ताबिक अस्-सालिस."
आई म्हणत नाही अजून. तिसरा मजला म्हणतो.
हे तू हसत सांगितलंस, सुवैकच्या पेट्रोल पंपावर,
आणि आपण हसावं की नाही हे मला कळेपर्यंत
तुझं रडून झालं होतं, डोळे पुसून झाले होते,
आणि दोन कडक चहा सांगून झाले होते.

आत मला सोडलं नाही.
त्याचा एक बूट तेवढा माझ्या मांडीवर राहिला.
दोन तास.
मधेच दाराआडून वाढदिवसाचं गाणं आलं,
बाहुलीच्या खोट्या वाढदिवसाचं, हे तू मागाहून सांगितलंस,
मला फक्त ऐकू आलं
की एकच मोठं माणूस ते गातंय,
शेवटपर्यंत, एकटं.

तू बाहेर आलीस. "अहवाल तीन आठवड्यांनी."
माझ्या जिभेवर "होईल गं सगळं ठीक" येऊन बसलं होतं.
गिळलं. डबा उघडला.
घावनं. त्याला पांढरंच लागतं,
म्हणून लाल झालेल्या कडा
पहाटे ओट्याशी उभ्यानेच मी खाऊन टाकल्या होत्या.
त्याने तीन खाल्ली.
तू मोजलीस. मीही.

परतताना अंधार, खजुरांच्या वाड्या,
मशिदींचे हिरवे दिवे एकामागून एक.
ओजस झोपल्यावर तू विचारलंस,
"तो असाच राहिला तर?"
"माहीत नाही मला," रस्त्याकडे बघतच म्हटलं.
तू पुढे काही विचारलं नाहीस.
खाबूराच्या आसपास तुझा हात मागून आला,
माझ्या सीटच्या कडेवर टेकला,
आणि सोहारपर्यंत तिथेच होता.
काटा एकशे अठरावर.
तो झोपला होता, तरीही.

साडेदहाला तुमच्या लिफ्टमध्ये
तो तुझ्या खांद्यावर, अर्धवट जागा.
दुसरा मजला गेला.
काय सुचलं कोण जाणे, मीच म्हणून टाकलं,
माझ्या देवगडी अरबीत, "अत्-ताबिक अस्-सालिस."
डोळे न उघडता त्याने हात लांब केला
आणि माझ्या तोंडावर ठेवला. घट्ट.
घावनाचा वास होता त्या हाताला.
मग त्याने ते नीट म्हटलं.

दार उघडलं.