कोपराची जागा

शेंद्र्याच्या स्टुडिओत चार टन माती आहे,
तपकिरी, भट्टीत ऊन करून मऊ केलेली,
आणि भिंतीवर एका जुन्या अमेरिकन गाडीचे एकोणीस फोटो.
हिला पुन्हा जन्माला घाला, असं कंपनीचं पत्र.
माझ्या वाट्याला डावी बाजू,
दारापासून मागच्या चाकापर्यंत.

रविवारी चित्रांची गुंडाळी घेऊन जालन्याला गेले,
सळ्यांच्या गिरण्यांमागे,
जिथे भंगाराचे ट्रक वजनकाट्यापाशी ताटकळतात,
दस्तगीर मिस्त्रींकडे.
अंबडच्या डॉक्टर टाकळकरांनी एकाहत्तर साली
डेट्रॉईटहून बोटीने आणलेली तसलीच एक
या माणसाने बावीस वर्षं सांभाळली.
कच्च्या मोसंबीच्या रंगाची. दोन दारं. आठ सिलिंडर.
सुरू झाली की रांजणातलं पाणी थरथरायचं,
असं हुरमतबी सांगतात,
आणि रांजण अजून तिथेच आहे.

त्यांनी चित्र उलटं धरलं. मग सुलटं. चष्मा पुसला.
"चेहरा तो उसीका है बेटा. धड किसका है?"

मग बोलत गेले, दखनीत, मराठीत, मधेच पान्याने टेबल ठोकत:
बॉनेट लांब होतं कारण आत जनावर होतं.
तुमचं इंजिन जेवणाच्या डब्याएवढं,
मग पुढच्या पाच फुटांत काय भरणार, गाद्या?
लांबी ठेवायची तर तिला काम द्या.
नाहीतर आखूड करा, लाज कसली.
ही जाळी. हिच्यातून वारा जातो?
नाही ना? बुजवा.
आणि आवाज स्पीकरमधून काढणार म्हणता
(इथे ते हसले, खोकले, पुन्हा हसले),
नक्को रे बाबा. मुका बैल काय ओढत नाही?

बैलावरून त्यांना आठवलं.
नखात ग्रीस असलेलं बोट मागच्या चाकावर टेकलं:
बसलेला बैल उठतो तेव्हा आधी मागून उठतो.
ती उभ्या जागी तशी दिसायची,
उठता उठता.
तुझ्या चित्रातली नुसती उभी आहे.

किंमत विचारली. सांगितली.
बराच वेळ फक्त गिरणी बोलत होती.
"डॉक्टर सांगायचे, तिकडे गॅरेजातली पोरं
पहिल्या पगारावर हप्ता बांधून घ्यायची ही.
आता तीच पोरं म्हातारी होऊन घेणार.
मग आजची पोरं काय, फोटो काढणार?"
हे मी वहीत लिहिलं नाही.
डाव्या बाजूत ते कुठे बसवायचं, कळेना.

निघताना त्यांनी मला स्टुलावर बसवलं,
पत्र्याचा एक तुकडा शेजारी उभा धरला.
"कोपर बाहेर काढ."
माझ्या मापाने धरला तर कड खांद्याला लागली.
ते पत्रा खाली घेत गेले, घेत गेले,
माझा हात आपसूक टेकला तिथे थांबले.
"बाकी सगळं विसर. ही जागा ठेव.
नाहीतर ती तिजोरी आहे, चाकं लावलेली."

दार उंच का, त्यालाही कारण आहे.
बाजूने धडक बसली तर बरगड्या वाचतात.
बदनापूरच्या फाट्यावर डॉक्टरांच्या कंपाउंडरचं काय झालं
ते मला मिस्त्रींनीच सांगितलेलं, कधीतरी.
त्या दिवशी दोघांनीही ते काढलं नाही.

सोमवारी रात्री स्टुडिओत कुणी नव्हतं.
दाराच्या कडेची माती गरम केली, दोन बोटं खरवडली,
मागची मांडी थोडी वर उचलली,
आणि बाही सारून
कोपर टेकवून बसले, माती निवेपर्यंत.

सकाळी स्कॅनरने खळगा मोजला: आठ मिलिमीटर.
पडद्यावर लाल चौकट,
रेषा की चूक, विचारते आहे.
जेवणाची सुट्टी झाली.
अजून उत्तर दिलेलं नाही.