मूवत्तेंटु

गणपत गल्लीत मी मीडियम होते.
खडेबाजारात, दोनशे पावलं चालून गेल्यावर,
डबल एक्सेल.
मधे फक्त एक लिंबू सोडा प्याले होते.

काँग्रेस रोडच्या काचेच्या दुकानात
पोरगी म्हणाली, अक्का, फ्री साइज आहे, हाक्कोंड नोडरी.
फ्री म्हणजे कुणाच्याच मापाचं नाही,
हे दोन्ही हात वर अडकल्यावर कळतं.
डोकं आत, कोपरं बाहेर,
नव्या कापडाचा घशात जाणारा वास,
आणि दाराबाहेरून तीच पोरगी,
आतेनरी?
काय सांगणार. आलं आलं म्हणाले.

सत्तेचाळीस वर्षांचं शरीर
एका सकाळीत चारदा वाळलं, पाचदा सुटलं.
एकीकडचं अडतीस
दुसरीकडच्या चव्वेचाळीसहून सैल.
एका कुर्त्याचा खांदा माझा होता,
पण पोट कुणा दुसरीचं,
आणि बाह्या तर कुणाच्याच नव्हत्या.
रविवारी भाचीचा साखरपुडा, निपाणीला.

मी शाळेत गणित शिकवते.
पोरांना दरसाल सांगते, एकक लिहा,
एककाशिवाय उत्तराला मार्क नाही.
इथं लेबलावर नुसतं एल.
एल काय?
लिटर?

शहापुरात कल्लाप्पा पिसे होते.
कॉलेजला जाताना आईनं नेलं होतं पहिल्यांदा.
मापं ते कानडीत मोठ्यानं म्हणत
आणि त्यांचा मुलगा मराठीत लिहून घेई.
मूवत्तेंटु, म्हणाले की वहीत ३८.
एका भाषेतून दुसरीत जाताना
सूतभरही सांडत नसे.

तशी या गावाची मापं पुष्कळांनी घेतली.
घेऊन गेले.
कपडा अजून आलेला नाही.
कल्लाप्पांचा निदान
दिलेल्या वारानंतर तिसऱ्या वारी तरी यायचा.

दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात.
तिथं मात्र माप चुकत नाही.

विचारत विचारत वडगावात त्यांचं घर काढलं.
शेजारी माग खडखडत होते,
बोलणं अर्धं ओठांवरून वाचायचं.
ते खाटेवर. डोळ्यांत सायीसारखं काहीतरी.
जवळ ये म्हणाले,
खांद्यावर बोटं ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली.
डावा अर्धा बोट खाली.
चौगुल्यांची धाकटी तू.

तीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
आरशानंही नाही.

आता शिवत नाही बाई, म्हणाले,
सुईचं भोक कुठं गेलं कोण जाणे.
मशीनवर त्यांची सून, महानंदा,
कुठल्याशा कंपनीच्या कुर्त्यांना लेबलं लावत बसलेली,
नगाला दोन रुपये.
पायाशी कुर्त्यांचा ढीग, मांडीजवळ दोन पिशव्या.
एमच्या पिशवीत तिनं तळापर्यंत हात घातला,
झटकली, आणि
एलची पुढं ओढली.
ढीग तोच.

अगं, कंपनीला कळत नाही?

तिनं दोरा दातानं तोडला.
घालणारीला कळतंय की.

मला हसू आलं. मग राग आला.
मग तिच्या पोटऱ्यांकडं लक्ष गेलं,
पायडल मारून मारून दोरखंडासारख्या झालेल्या,
आणि दोन्ही राहिलं.

कापड आणा, म्हणाली, रात्री बसून देते.
उभं करून टेप फिरवला.
खाटेवरून आवाज आला, तिनं वाचायच्या आधीच,
मूवत्तेंटु.

महानंदानं टेपकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.
बेचाळीस, मामा.

माग थांबले होते, लाइट गेली असावी.
ते थोडा वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले,
डावीकडं अर्धा बोट सोड.