चार पिनांचा

उद्यमबागेत, लेथच्या किसात उभी जीप.
पुढचा पत्रा सगळा निघतो, दिव्यांसकट;
जांबोटीच्या चिखलातनं आली की निघतोच.
आजवर भरमानं वायरी तोडल्या,
परत पिळल्या, वर काळी टेप.
आज पांढरं सॉकेट घेऊन आलाय, स्वस्त आहे की म्हणतो.

नको. पाणी शिरतं, पिना हिरव्या पडतात.
रबराची कडी असलेला घे, चार पिनांचा,
उलटा बसतच नाही असा.
अर्थाची वायर वेगळी ओढ,
पत्र्यावर भरवसा नको.

इराप्पा बोनेट पेलून ताटकळलेला:
"आय्तेनु?"

टक्.
डावा दिवा लागला.
उजवा
अजून विचार करतोय.

वायर तेवढी वीतभर जास्त ठेवलीय,
उचलणाऱ्याला आधी खाली टेकता यावं,
मग सोडता.