गाठ

नवा इनटेक बसवला, जाड एग्झॉस्टही,
बोटांची सालं निघेस्तोवर.
मग ट्यूनर जोडला स्टिअरिंगखाली.
सेकंडहँड, एका कोपऱ्याचा टवका उडालेला.
पडद्यावर उमटलं:
हे यंत्र दुसऱ्या गाडीशी बांधलेलं आहे.

म्हणजे लग्नच लागलंय म्हणा की.
पहिल्या गाडीत तिचं मूळचं परत भरल्याशिवाय
सोडचिठ्ठी नाही.

निगॉनीला, जुन्या खाणीच्या रस्त्यावर,
आयली निएमीचं गॅरेज.
तिनंच विकला होता मला, चाळीस डॉलरला,
टौनोच्या मोज्यांच्या खोक्यातून काढून.
ताडपत्रीखाली मस्टँग. दारापर्यंत बर्फ.
"सोडवायचं म्हणजे काय काय पुसायचं?"
मी सांगितलं. पेट्रोल किती, ठिणगी कधी,
उभ्या उभ्या इंजिनानं किती फेरे घ्यायचे,
सगळं कंपनीनं दिलं होतं तसं.

"आधी एकदा चालू कर."

अडखळली, खोकली,
मग आली ठेक्यावर,
पहाटपाळीला बूट शोधणाऱ्या माणसासारखी.
आयलीनं बॉनेटवर हात ठेवला.
बराच वेळ.
"बंद कर. पुस."

शहाण्णव टक्क्यांवर जरा रेंगाळलं.
पुन्हा किल्ली फिरवली:
गुळगुळीत आवाज. कुणाचीही असावी अशी गाडी.
"चला, शेजाऱ्यांची तक्रार मिटली,"
ती म्हणाली, आणि ताडपत्रीचं टोक शोधू लागली.

आता माझ्या मांडीवर तेच यंत्र विचारतंय:
ह्या गाडीशी बांधायचं? होय. नाही.
काचेवर वाफ धरली आहे.
मी अजून हातमोजा काढलेला नाही.