सातव्या मजल्यावरून आमचं घर

लेकीनं जोहोरहून पैसे पाठवले, वर ताकीद:
एकदा तरी लंकावीला जा, समुद्र बघा.
किपली म्हणाला, विमानात माझे कान दुखतात.
(तो विमानात कधी बसलेला नाही.)
मग आम्ही नदी ओलांडली
आणि कुचिंगच्या शहराकडच्या काठावर, घाटासमोरच्या हॉटेलात
सात रात्रींची खोली घेतली.

ओलांडायला चार मिनिटं लागतात.
एकतीस वर्षं तो हीच चार मिनिटं वल्हवत आलाय:
शाळेची पोरं, कोंबड्या, एक नवरी, एकदा एक फ्रीज,
आणि गळ्यात कॅमेरे घातलेली माणसं
ज्यांना पलीकडे नेमकं काय आहे ते ठाऊक नसतं.
पलीकडे आम्ही आहोत.

त्या दिवशी तो उतारू झाला.
बुजांगच्या नावेत, छपराखाली, मांडीवर बॅग घेऊन
सोयरिकीला आल्यासारखा अवघडून बसला.
उतरताना एक रिंगिट पुढे केला, तर बुजांग हसतच सुटला,
"तुझ्याकडून घेऊ?"
हा हट्टाला पेटला. नोट फळीवर ठेवलीच.
लिफ्टमध्ये मला म्हणाला,
"वाटायचं त्यापेक्षा लांब आहे गं."

एसी कसा बंद करतात ते कळलं नाही.
दोन रात्री आम्ही अंघोळीचे टॉवेल पांघरून झोपलो.
सकाळी मी उठून चादर ताणून घालायची, बेसिन पुसायची,
सेरियानची ती पोरगी झाडू घेऊन दारात उभी,
"मावशी, माझ्या पोटावर कशाला पाय देताय?"

खिडकीतून आमचं घर दिसतं.
गंजका पत्रा, रंबुतान,
आणि दोरीवर विसरलेला माझा हिरवा सारोंग.
तो भिजला, सुकला, पुन्हा भिजला.
किपली खालच्या नावा मोजायचा,
कोण हळू चाललंय, कोणाचं इंजिन खोकतंय.
मी सारोंगवर नजर ठेवून.

एका दुपारी आम्ही तीन रंगांचा चहा घेऊन बसलो असताना
एका गोऱ्या बाईनं त्याला विचारलं,
यातली कुठली नाव सगळ्यात चांगली?
त्यानं खूप विचार केला.
"सगळ्याच गळतात," म्हणाला, "पण आज ती निळी घ्या."
निळी आमचीच. भाच्याच्या ताब्यात दिलेली.

लेकीचा फोन आला: समुद्र दाखवा.
यानं फोन नदीकडे धरला.
"एवढा गढूळ?"
"भरती आहे."
मग पलीकडे काहीच नाही. मग हुंदका की हसू, ऐकू येईना,
"आई, तो मागे आपला पत्रा आहे."

पाचव्या रात्री मला जाग आली.
आमच्या स्वयंपाकघरात दिवा लागलेला.
हलिपा असणार, मांजराला मासे घालायला.
एक बाई वाकली, उठली, फडताळाशी गेली,
परत वाकली.
किती वेळ मी श्वास धरून बघत राहिले, जणू ती बाई
मला ओळखून हाक मारेल.

किपली जागाच होता.
म्हणाला, "शेवटच्या खेपेला अंधार पडला
की त्या दिव्यावर मी नावेचं तोंड धरतो.
मशिदीचा दिवा मोठा आहे, पण तो सगळ्यांचा."
"एकतीस वर्षांत कधी बोलला नाहीस."
"कसा बोलणार? तू तिकडे असायचीस, दिव्याजवळ."

एसी घरघरत होता.
पांघरुणात त्याचे पाय गार पडलेले, मी माझे त्यावर ठेवले.
त्याच्या तळव्याचे घट्टे चादरीला अडकत होते,
चादर महागाची.

सातव्या दिवशी साबणाच्या तीन वड्या पिशवीत टाकल्या,
त्या पोरीसाठी उशीखाली दहा रिंगिट.
बुजांगनं या खेपेला आधीच हात जोडले:
पैसे काढलेस तर नदीत ढकलीन.

घरी हलिपानं सारोंग घडी करून
पलंगावर ठेवला होता, कडक सुकलेला.
मी तो उचलला, अंगणात नेला,
आणि परत दोरीवर टाकला.