घर क्रमांक दोनशे अकरा

शेफील्डला, खिडकीशेजारच्या टेबलावर बसून
मी माझ्या जिल्ह्याचं दारिद्र्य स्वच्छ करते.
म्हणजे रकाने तपासते, न जुळणारे आकडे गाळते,
तासाला चौदा पाऊंड.
नकाशात पुणं पिवळं, मुंबई जवळपास पांढरी,
आणि पूर्वेकडे जावं तसा रंग करपत जातो
तव्यावर विसरलेल्या भाकरीच्या कडेसारखा.
जिवतीपाशी बोट ठेवलं तर काळं होईल.

वीज खरं तर आमच्याकडचीच.
चंद्रपूरला आभाळाला टेकलेल्या चिमण्या,
आमच्या घरात एकच, रॉकेलची.
शेतावरून जाड तारा जायच्या,
खाली उभं राहिलं की कानात गुणगुण.
बाबा म्हणायचे, ऐक,
पुण्याचे पंखे फिरून राहिले.

काल ही ओळ समोर आली:
माणसं सहा. शेळी एक. विहीर सव्वा किलोमीटर.
वीज नाही. संडास नाही.
खुर्ची, एक.
जेवण दिवसातून तीनदा. दूध रोज.

हॅरिएट मागे येऊन उभी राहिली, हातात सूपचा मग.
चांगली बाई आहे, माझं नाव नीट उच्चारते.
"हे घर जुळत नाही," म्हणाली, "गाळायचं का?"
मी म्हटलं, उद्या सांगते.

कारण ती खुर्ची मी आणली होती.
अंगणवाडीतून, डोक्यावर उलटी घालून,
तिच्या पायांमधून वाट बघत.
लाल प्लॅस्टिकची, एका हाताला चीर.
निळ्या शर्टाचा माणूस तिच्यावर बसला,
कागद मांडीवर घेतले,
एकदा स्वतःच्या बुडाखाली पाहिलं
आणि खूण केली.
आईने पदर सारखा केला.
"तीनदा चूल पेटते जी आमची. अन् दूध बी हाय."
शेळी आटून महिना झाला होता.
मी अकरा वर्षांची. तोंड उघडलं,
तर तिने मागून माझी वेणी धरली.
ओढली नाही. नुसती धरून ठेवली.

एका उसन्या खुर्चीवर आणि नसलेल्या दुधावर
आम्ही एक पायरी वर सरकलो.
पुढच्या वर्षी रेशनचा तांदूळ कमी झाला,
त्याचा याच्याशी संबंध होता की नव्हता
हे कुणी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

घरी आले तर डोरीन जिन्याखाली वाकून
विजेच्या मीटरमध्ये किल्ली घालत होती.
मी तिच्या वरच्या खोलीत राहते.
तिचा बाप खाणीत, आजा खाणीत,
"अजून आहे खाली, ढिगाने," ती पायाने फरशी ठोकून सांगते,
आणि पाच-पाच पाऊंडांची ऊब विकत आणते.
मार्चमध्ये कौन्सिलची बाई घर बघायला आली
तेव्हा डोरीनने हीटरच्या दोन्ही पट्ट्या पेटवल्या,
बशीत चॉकलेटची बिस्किटं मांडली.
मदत मिळणार नसल्याचं पत्र
फ्रिजवर चुंबकाने लावलंय, नातवाच्या चित्राशेजारी.

रात्री आईला फोन लावला. तिकडे पहाट.
आता घरात दिवा आहे, असतो तेव्हा असतो.
विचारलं, त्या साहेबाला तसं का सांगितलंस?
ती बराच वेळ गप्प. वाटलं रेंज गेली.
मग म्हणाली,
"खुर्ची नेऊन दिली होती ना व तू?"
हो, म्हटलं. पुसून.

सकाळी हॅरिएट यायच्या आधी ओळ उघडली.
जेवण तीनदा, राहू दिलं.
दूध रोज, राहू दिलं.
फक्त खुर्चीपुढचा एक खोडून शून्य केला.
ती आमची नव्हती.